म्यूरफील्डला खेळायचंय, पण बायको म्हणते मी येणार नाही

कोथरूडचा_पाहुणा (सध्या लीड्स)

नमस्कार मंडळी,

इथे स्कॉटलंडमधली जुनी मंडळी बरीच आहेत, म्हणून विचारतोय.

पुढच्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून येतायत. फौजेतून निवृत्त झालेत, सत्तरी पूर्ण होतेय. गोल्फ त्यांना पोस्टिंगवर असताना लागलं आणि बायकोला त्यांनीच शिकवलं. ती नऊ वर्षांची होती. बाबांनी स्वतःची जुनी सात नंबरची आयर्न (गोल्फची लोखंडी काठी) कापून आखूड केली, मुठीला सायकलचं रबर गुंडाळलं आणि दिली तिच्या हातात. ती आयर्न अजून आमच्या घरी दाराशी उभी असते. आज तिचा हँडिकॅप ११ आहे, बाबांचा १६, माझा १९ (आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला).

बाबांची एकच इच्छा आहे, म्यूरफील्ड, स्कॉटलंडमधल्या जुन्या खाजगी क्लबचा गोल्फ कोर्स. निक फाल्डोने १९८७ ची ओपन, म्हणजे ब्रिटनमधली सगळ्यात मोठी गोल्फ स्पर्धा, तिथे शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत, खेळून जिंकली. एकही बर्डी (एक फटका कमी) नाही, एकही बोगी (एक जास्त) नाही. बाबा ही गोष्ट आजवर शंभरदा सांगून झालेत. त्यांच्या लेखी यालाच शिस्त म्हणतात.

आता माझी अडचण. बायको म्हणते, "ज्या क्लबने २०१६ मध्ये बायकांना नको म्हटलं, तिथे मी पैसे मोजून जाणार नाही. तुम्ही दोघं जा, मी तोवर बाहेर कुठेतरी खेळेन." ती रागावून बोललेली नाही, शांतपणे बोलली. तिच्या शांत बोलण्याचं मला जास्त वाटतं. बाबांना अजून हे माहीतच नाही. ते तिघांचं स्वप्न बघतायत.

तर दोन प्रश्न. आमच्या ओळखीचा एकही सभासद नाही, तरी प्रवेश मिळतो का? आणि तिला काय सांगू? तुमच्यापैकी कुणी तिथे खेळलं असेल तर मनापासून सांगा.

---

अबर्डीनचा_अभ्या

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ओळख लागत नाही. आपल्याकडे किंवा अमेरिकेत खाजगी क्लब म्हटलं की सभासदाने हात धरून आत न्यावं लागतं. अमेरिकेत ऑगस्टासारख्या ठिकाणी तर पैसे टाकून खेळता येतच नाही. इथली पद्धत वेगळी आहे. म्यूरफील्ड पाहुण्यांना मंगळवार आणि गुरुवार देतं. क्लबकडे रीतसर अर्ज करायचा, हँडिकॅप कळवायचा, फी भरायची. फी भरपूर आहे आणि दरवर्षी बदलते, हँडिकॅपची मर्यादाही असते. दोन्ही क्लबलाच विचारा. फक्त लवकर विचारा, उन्हाळ्यातले वार फार आधी भरतात.

दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही. तुमच्या घरातलं तुम्ही बघा.

---

ब्रेडहिल्सवाला (एडिनबरा)

अभ्याने सांगितलं ते बरोबर आहे, त्यात भर घालण्यासारखं काही नाही. मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. लांबेल, पण घाईत लिहिण्याचा विषय नाही.

मी मूळचा नाशिकचा, १९९६ पासून इथे आहे. गोल्फ शिकलो ब्रेड हिल्सवर. तो महापालिकेचा कोर्स, १८८९ पासूनचा. तिकीट काढा आणि खेळा. टेकडीवर काटेरी गॉर्सची पिवळी झुडपं आणि खाली अख्खं शहर, किल्ल्यासकट. या देशात हा खेळ बस ड्रायव्हरही खेळतो आणि सर्जनही, हे मला तिथे कळलं. म्हणून खाजगी क्लबांबद्दल माझ्या मनात पूर्वी जरा अढीच होती, आणि म्यूरफील्डबद्दल सगळ्यात जास्त.

तुमच्या घरात बोलणं नीट व्हावं म्हणून आधी घटना जशा घडल्या तशा सांगतो. मे २०१६ मध्ये सभासदांनी मतदान केलं. ६४ टक्के लोक बायकांना सभासद करून घ्यायच्या बाजूने होते, पण नियमाने दोन तृतीयांश लागत होते. थोडक्यात हुकलं. ओपन भरवणाऱ्या आर अँड ए ने त्याच दिवशी सांगितलं की आता इथे ओपन होणार नाही. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली आणि ओपनचा रस्ता परत मोकळा झाला. पहिल्या बारा महिलांना सभासदत्व मिळालं ते २०१९ मध्ये. क्लब १७४४ चा आहे. म्हणजे पावणेतीनशे वर्षं गेली. पाहुण्या म्हणून बायका त्याआधीही तिथे खेळत होत्या. कोर्सवर यायला बंदी नव्हती, घरातलं माणूस व्हायला होती. तुमच्या बायकोला नेमकं हेच खटकतंय, आणि ते खटकायलाच हवं. "आता सगळं बदललंय, चल" असं म्हणून तिची समजूत काढू नका. तिचं म्हणणं खरं आहे.

मी स्वतः गेलो सप्टेंबर २०१७ मध्ये. मतदान होऊन सहा महिने झाले होते, पण सभासदांत एकही बाई नव्हती. आदल्या रात्री जेवताना माझी मुलगी, तेव्हा सोळाची, सहज म्हणाली, "बाबा, मला घेतील का तिथे?" मी म्हटलं, आता घेतील. ती म्हणाली, "आता म्हणजे कधी?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसेपर्यंत जावं की न जावं हेच चाललं होतं डोक्यात.

गेलो. आणि जे बघितलं ते सांगितलंच पाहिजे.

एडिनबरापासून पूर्वेला तासाभराच्या आत गलन नावाचं गाव आहे. गावातलेच काही लोक त्याला गिलन म्हणतात आणि हा वाद कधी मिटत नाही. गावाच्या टोकाला एक साधा रस्ता, शेजारी लचन्सने (नवी दिल्ली रचणारा ल्युटेन्स तो हाच) बांधलेलं ग्रेवॉल्स हॉटेल, आणि फाटक. मोठी पाटी नाही, कमान नाही, दुकान नाही. होय, या क्लबला प्रो शॉपच नाही. बाबांना नाव छापलेली टोपी घ्यायची असेल तर आधी क्लबला विचारा.

कोर्सची रचना हॅरी कोल्टने १९२० च्या दशकात केलेली. पहिले नऊ होल बाहेरच्या कडेने घड्याळाच्या दिशेने फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आत, उलट्या दिशेने. प्रदक्षिणा घालून आत वळावं आणि उलटी प्रदक्षिणा घालावी तसं. त्यामुळे वारा एका बाजूचा राहतच नाही. तीन होल त्याला तोंड दिलं की चौथ्याला तो खांद्यावर येतो. समुद्र जवळ, फर्थ ऑफ फोर्थ. आंधळा फटका, म्हणजे चेंडू कुठे पडेल ते न दिसता मारायचा, अख्ख्या कोर्सवर एकच, अकराव्याच्या टीवरून (होल सुरू होतो त्या जागेवरून). बाकी सगळं समोर दिसतं. काही लपवलेलं नाही, फसवणूक नाही, म्हणून खेळाडू या कोर्सवर इतका जीव टाकतात. अमेरिकेच्या जॅक निक्लॉसने १९६६ ची ओपन इथे जिंकली आणि पुढे ओहायोत स्वतःचा कोर्स काढला तेव्हा त्याला म्यूरफील्ड व्हिलेज नाव दिलं.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, मात्र जवळून बघायला हवेत. त्यांच्या भिंती गवताच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या असतात. आपल्याकडे गोवऱ्या रचतात ना, तशा. हात लावला तर थर न थर बोटांना लागतो, मधे माती, मधे मुळं, वरून ओल. वरच्या काठावरचं गवत खाली झुकलेलं. चेंडू त्या भिंतीला टेकून बसला की पुढे मारायचा विचार सोडायचा.

आता मुद्द्याचं. सकाळी तुम्ही आपापला चेंडू खेळता. मग जेवण, आणि दुपारी फोरसम्स. दोघांची जोडी, जोडीला चेंडू एकच, आळीपाळीने मारायचा. विषम होलवर एकाने टी ऑफ (पहिला फटका) करायचं, सम होलवर दुसऱ्याने. म्यूरफील्डचा खरा खेळ हा आहे, सभासद पिढ्यान् पिढ्या हाच खेळतात. एक मारतो तेव्हा दुसरा पुढे चालत गेलेला असतो. अडीच-पावणेतीन तासांत अठरा होल होतात.

माझा जोडीदार एक निवृत्त शाळामास्तर होते, माझ्याच साध्या क्लबातले. तेरावा होल पार तीन, चढावर, ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) चिंचोळं आणि दोन्ही बाजूंना खोल बंकर. टी ऑफ त्यांचं होतं. चेंडू उजवीकडच्या बंकरमध्ये भिंतीला चिकटून बसला. मी आत उतरलो तर डोक्याच्या वर गवत आणि त्यावर आभाळाची पट्टी. पुढे मारणं शक्यच नव्हतं. मागे, वाळूच्या मध्यात मारला, नुसता मोकळा केला. मास्तर खाली उतरले, काही बोलले नाहीत, एक फटका मारून ग्रीनवर टाकला. मग माझा पट (ग्रीनवरून भोकाकडे हलकेच मारायचा फटका), दहा फुटांचा. गेला आत. ते फक्त म्हणाले, "आपला चार." आपला! सबंध सकाळ मी माझा स्कोअर मोजत होतो, आणि दुपारी त्या एका शब्दाने मनाचं ओझं उतरलं. एकाने घातलेलं संकट दुसऱ्याने निस्तरायचं आणि त्याबद्दल माफी मागायची नाही, अशी तिथली रीत आहे.

म्हणून सांगतो, दुपारच्या फेरीत बापलेकीची जोडी लावा. ज्याने सात नंबरची आयर्न कापून दिली त्याच्या फटक्यानंतर तिचा फटका, तिच्या नंतर त्याचा. सत्तराव्या वर्षी त्या माणसाला यापेक्षा मोठं काय देणार तुम्ही? फाल्डोचे अठरा पार ते आपोआप विसरतील.

पण तिला ओढून नेऊ नका. त्याआधी एक करा. आदल्या दिवशी तिघं मसलबरोला जा. एडिनबराहून बस जाते. तिथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात नऊ होलचा जुना कोर्स आहे. सहा वेळा ओपन झालीय तिथे, आणि कुणीही पैसे देऊन खेळू शकतं. जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्यासुद्धा भाड्याने मिळतात. म्यूरफील्डचा क्लब एडिनबराच्या लीथ बंदरातून निघाला तो १८३६ पासून इथेच होता, गर्दी वाढली तेव्हा १८९१ मध्ये पुढे सरकला. पण तिला दाखवायची गोष्ट वेगळी आहे. मसलबरोच्या मासळी विकणाऱ्या बायका गोल्फ खेळायच्या, आणि १८११ च्या सुरुवातीला तिथल्या क्लबने त्यांच्यासाठी बक्षीस ठेवलं होतं. मासळीची नवी टोपली आणि रेशमी रुमाल. बायकांच्या स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद मानतात. पाठीवर टोपली घेऊन शहरात मैलोन् मैल चालत जाणाऱ्या, आपल्या कोळणींसारख्या कष्टाच्या बायका. त्या मैदानावर उभी राहिली की तिचं तिला कळेल की हा खेळ तिला कुणी देऊ केलेला नाही, तो आधीपासून तिचा आहे. मग म्यूरफील्डला यायचं की नाही हे ती ठरवेल. नाही म्हणाली तर तिघं मिळून नॉर्थ बेरिकला खेळा. तेराव्या होलला ग्रीनच्या पुढ्यात दगडी भिंत आहे, बाबांना आवडेल. पण बाबांना खरं कारण सांगा. फौजी माणूस आहे, त्यांना कळेल.

---

शेवंती७४ (ग्लासगो)

ब्रेडहिल्सवाले दादांनी छान लिहिलंय, पण एका बाईचंही ऐका.

माझं लहानपण भारतात एका क्लबच्या भिंतीला लागून गेलं. आई तिथे "सभासदाची पत्नी" होती. तिचं स्वतःचं नाव कुठल्या वहीत नव्हतं. बायकांना खेळायच्या वेळा ठरलेल्या, रविवारी सकाळी कोर्स पुरुषांचा. वडील गेले तेव्हा आईला स्वतःच्याच ओळखीच्या हॉलमध्ये बसायला पुन्हा अर्ज करावा लागला. तिने केला नाही. तिचा पटर (पट मारायची काठी) माझ्याकडे आहे. त्यामुळे तुमच्या बायकोचा शांत आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

तरी मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये म्यूरफील्डला गेले, बघायला. वुमेन्स ओपन पहिल्यांदाच तिथे होती. शेवटच्या दिवशी ॲशली बुहाई पाच फटक्यांनी पुढे होती. पंधराव्या होलवर तिचे तीन फटके जास्त गेले आणि सगळं हातचं गेलं असं वाटलं. मग प्लेऑफ, इन जी चुनबरोबर, पुन्हा पुन्हा तोच अठरावा होल. अंधारून येत होतं. चौथ्या वेळेला बुहाई ग्रीनजवळच्या बंकरमध्ये. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझा हात घट्ट धरला, आमची ओळख ना पाळख. वाळू उडाली, चेंडू उतरला आणि भोकापासून हाताच्या अंतरावर थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या अठराव्यावर इतकी वर्षं फक्त पुरुषांची नावं ऐकली होती, तिथे एक बाई आणि तिची कॅडी (बॅग उचलून सल्ला देणारी मदतनीस), तीही बाई, एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

पुढच्या वर्षी मी तिथे खेळले. फी भरताना आईची आठवण आली, आणि पटर आईचाच नेला होता. अठराव्याच्या ग्रीनवर त्याच पटरने चेंडू आत घातला.

तिला सांगा, न जाण्यात काही चूक नाही. पण गेलीस तर पुरुषांनी घातलेल्या वाटेने जायची गरज नाही, स्वतःचं काहीतरी घेऊन जा. ती कापलेली आयर्न घेऊन जायला सांगा बॅगेत.

---

कोथरूडचा_पाहुणा

दोघांचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं. मासळीवाल्यांचं ऐकून तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दोनदा वाचलं. ताईंच्या आईचं वाचून मात्र बराच वेळ काही बोलली नाही.

आज सकाळी म्हणाली, "मसलबरोला जाऊ. पुढचं मी तिथे ठरवीन. पण जागा धरून ठेव, बाबांसाठी." आणि आयर्न दाराशी होती ती उचलून तिची मूठ बदलायला घेतली. सायकलचं रबर सोलताना खालून बाबांच्या हातची सुतळी निघाली. ती तिने तशीच ठेवली.

काका, थोडं विचारतो. कपड्यांचं काय? आणि फोरसम्सला चौघं लागतात, आम्ही तिघंच. कॅडी घ्यावा का?

---

ब्रेडहिल्सवाला

सुतळी ठेवली ते फार बरं केलं.

कपडे: खेळताना नेहमीचे, कॉलरचा शर्ट, नीट पँट. जेवणाच्या खोलीत पुरुषांना जॅकेट आणि टाय. दोन्ही गाडीत घडी न मोडता न्या, बाबांना हे सांगावं लागणार नाही. फोन गाडीतच राहू द्या. जेवण भरपूर असतं, भाजलेलं मांस, मग गोड. बाबा शाकाहारी असतील तर जागा धरतानाच कळवा. जेवणानंतर किमेल नावाची मद्याची छोटी पेली देतात. जुने खेळाडू म्हणतात त्याने पटिंगचा हात स्थिर होतो. मी एक घोट घेतला आणि थेट आमच्या नाशिकच्या घरातला मसाल्याचा डबा आठवला, शहाजिऱ्याचा वास. बाबांना एक घोट घेऊ द्या, लेकीला दुसरा.

कॅडी निदान एक तरी घ्याच, आधी सांगून. रफमधला, म्हणजे कडेच्या उंच गवतातला, चेंडू दिसत नाही तिथे, पायाखाली असला तरी. आणि वाऱ्याचं गणित आपल्याला एका दिवसात येत नाही. बाबांची बॅगही कुणीतरी घेईल, दोन फेऱ्या चालायच्या आहेत त्यांना. सत्तरीला दोन फेऱ्या जड वाटल्या तर सकाळची सोडा, दुपारची नको.

चौथा गडी कुणी मिळत नसेल तर मला सांगा, गुरुवार मला चालतो. हँडिकॅप १४. आपण दोघं एका बाजूला, बापलेक दुसऱ्या बाजूला. तेराव्याचं टी ऑफ तुम्ही करा, बंकर मी बघतो.

आणि मसलबरोला मी मुलीला घेऊन येईन. ती आता एडिनबरातच काम करते, तिलाही त्या मैदानावर उभं राहायचंय.